भेटायची वेळ चार ते पाच

आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं की लोक आधी "बरं हाय का?" असं विचारत नाहीत, "किती लागलं?" असं विचारतात. लग्न, बोअर, घराचा स्लॅब आणि अपेंडिक्स, चौकशीची पद्धत एकच. यात दुष्टपणा काही नसतो. उलट आकडा ऐकून समोरच्यानं "आयला!" म्हटलं की आजाऱ्याच्या घरच्यांना जरा बरं वाटतं, आपलं दुखणं साधंसुधं नव्हतं याची खात्री पटते. नव्वद सालानंतरची काही वर्षं मी बारामतीला भिगवण रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रक्त-लघवी तपासण्याची लॅब चालवत होतो. हा प्रश्न रोज कानावर पडायचा, आणि त्याला रोज एकच बाई आडवी जायची. जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओव्हाळ सिस्टर म्हणायच्या, "किती लागले ते राहू द्या. भरले कुणी ते सांगा."

विचारणारा गडबडून जायचा. भरले कुणी म्हणजे काय? ज्याचं दुखणं त्यानंच भरले असणार! सिस्टर मान हलवायच्या आणि आत जायच्या. जाताना त्यांच्या पांढऱ्या बुटांचा आवाज यायचा, आणि तो ऐकून वरच्या मजल्यावरचे नातेवाईक पटापट कॉटवरून उतरून उभे राहायचे. पेशंटच्या कॉटवर बसलेला माणूस सिस्टरांना खपत नसे.

वत्सला ओव्हाळ. माहेर भिगवणजवळच्या डाळजचं, म्हणजे माहेर म्हणायचं ते आपलं पद्धत म्हणून, कारण सासर त्यांनी केलंच नाही. पुण्यात नर्सिंग शिकल्या, काही वर्षं इंग्लंडात काढली, मग कुवेतला गेल्या. तिथं इराकी सैन्य शिरलं तेव्हा वाळवंटातून बसनं जॉर्डनपर्यंत आणि तिथून विमानानं मुंबईला, अशा एका बॅगेनिशी परत आल्या. त्या बॅगेत निम्मी जागा पांढऱ्या बुटांनी अडवली होती, असं त्या स्वतःच सांगत. मग बारामतीलगत जळोचीत एक खोली भाड्यानं घेतली आणि आमच्या हॉस्पिटलात हेड सिस्टर म्हणून लागल्या. सुटीच्या दिवशी एसटीनं डाळजला आईकडे जायच्या आणि येताना भिगवणला उतरून मासे आणायच्या. एकदा मासे घेऊन थेट ड्युटीवर आल्या होत्या. मी म्हटलं, "माझ्या लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवा की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो फ्रिज मी त्याच दुपारी आतून-बाहेरून पुसून काढला.

मला त्या आवडायच्या आणि त्यांची भीतीही वाटायची. आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर धरून सगळ्यांचं थोडंफार असंच होतं. फक्त पेशंटांपैकी काहीजण सुरुवातीला वेगळ्याच कारणानं चुळबूळ करायचे. एखादा म्हातारा हळूच विचारायचा, "सिस्टर, आडनाव काय म्हनायचं तुमचं?" आडनाव नीट माहीत असायचं, तरी विचारायचा. सिस्टर सिरिंज भरता भरता एका दमात उत्तर देत, "ओव्हाळ. डाळजची. बौद्ध. आता कुशीवर वळा, सुई टोचायची आहे." म्हातारा मुकाट वळायचा. पुढं तोच म्हातारा घरी जाताना "सिस्टर, सुई तुमचीच बरं का, दुसरीची लई दुखती" म्हणून जायचा.

दुपारी वॉर्ड शांत झाला की त्या लॅबमध्ये बिनदुधाचा चहा प्यायला यायच्या, आणि मागोमाग एखादा बरा होत आलेला पेशंट गप्पांना टेकायचा. एकदा हर्नियाचे एक बागाईतदार तात्या आले. पोटावर हात धरून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सिस्टर, विलायतंत हर्नियाला काय दर हाय?"

कुठल्या कारखान्यानं उसाला काय दर दिला असं विचारावं, त्याच चालीत.

"पेशंटला काहीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "कापायचं फुकट, टाके फुकट, वर चहाही देतात."

"मंग डाक्टर खातो काय?"

"त्याला सरकार पगार देतं."

"आन सरकारला कोन देतं?"

"तुमच्यासारखीच माणसं. कामाला आहेत त्यांच्या पगारातनं दर वेळी कापून घेतात. दुखो न दुखो."

तात्यांनी जरा विचार केला. "म्हंजी आपल्या उसाच्या बिलातनं कारखाना कापतो, तसं?"

"अगदी तसं."

"मंग हितंबी टनामागं कापा म्हनावं आन दवाखाना फुकट करा! शाळंला कापत्यात, कशाकशाला कापत्यात. ह्येला कापलं तर काय बिघडतंय?"

सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी तात्यांना स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. पण लगेच दुसरी बाजूही मांडली. तिकडं हर्नियाला पैसे लागत नाहीत, पण रांग लागते. महिनोन् महिने पट्टा बांधून थांबायचं. तात्या म्हणाले, "मंग न्हाय जमायचं. ऊस तोडीला आला की मी थांबतोय व्हय!"

कुवेतची गोष्ट निराळी होती. तिथं सरकारच श्रीमंत, पण ते आपल्या माणसांपुरतं. बाहेरून झाडायला-पुसायला आलेल्यांचं दुखणं मालकाच्या मर्जीवर अवलंबून. आणि त्यांची कुवेतमधली एक मल्याळी मैत्रीण पुढं अमेरिकेला गेली होती. तिनं सांगितलेल्या गोष्टी सिस्टर भुताच्या गोष्टी सांगाव्यात तशा सांगत. तिथं माणूस स्ट्रेचरवर असतानाच विम्याचं कार्ड विचारतात, विमा नसेल तर पाय मोडलेला माणूस अँब्युलन्स बोलवायला घाबरतो. ऐकणारा चटकन डॉलरचे रुपये करायला लागला की त्या चिडायच्या. "रुपये करू नका! त्यानं काही कळत नाही. तिथल्या मजुराला तेवढ्यासाठी किती दिवस राबावं लागतं ते काढा, आणि इथल्याला किती ते काढा. मग बोला." असा हिशोब केला की आपलं स्वस्त हॉस्पिटल एकदम महाग व्हायचं. बागाईतदार मंडळींना हे आवडत नसे, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही नसे.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आजारपण जगात कुठंच फुकट नसतं. कुणीतरी भरतंच. इंग्लंडात सगळे मिळून भरतात, अमेरिकेत विमा भरतो, कुवेतला तेल भरतं. "आणि इथं?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं एकटा माणूस भरतो. मोडतो आणि भरतो." हे त्यांनी ठामपणे सांगितलं. त्याच ठामपणानं त्यांनी हॉस्पिटलात इंग्लंडची एक गोष्ट आणली, ती म्हणजे भेटायची वेळ.

आधी आमच्याकडे वेळ असा प्रकार नव्हता. एक माणूस अ‍ॅडमिट झाला की अर्धं गाव माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून यायचं. व्हरांड्यात स्टोव्ह पेटायचे, कॉटखाली चपला, उशाशी शहाळी, आणि ऑपरेशनच्या जखमेवर वाकून "बगू कसं शिवलंय" म्हणणाऱ्या मावश्या. जखमा चिघळायच्या. रिपोर्ट माझ्याच लॅबमधून जायचे, त्यामुळे हे मला ठाऊक होतं. सिस्टरांनी पाटी लावली, भेटायची वेळ चार ते पाच, पेशंटजवळ एकच माणूस. गेटावर एक धिप्पाड गडी बसवला. थोड्याच दिवसांत वॉर्डातला वास गेला आणि जखमा सुकू लागल्या. डॉक्टरसाहेब खूश, सिस्टर तर त्याहून. वॉर्डातून फेरी मारून आल्या की म्हणायच्या, "लॅबवाले, आता कसं हॉस्पिटलसारखं वाटतं."

अशात भिगवणहून मारुती आला. उजनी धरणाच्या पाण्यात मासेमारी करणारा, तिशीतला गडी. शिंगटा माशाचा काटा तळपायात घुसला होता, त्यावर त्यानं हळद बांधून काम चालू ठेवलं होतं. आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत टम्म सुजलेला आणि काळसर. डॉक्टरांनी चिरून पू काढला आणि त्याच्या बायकोला, गऊबाईला, सरळ सांगितलं की इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण झाला तर पाय वाचेल, अर्धवट सुटला तर कापावा लागेल. इंजेक्शनं महाग होती. गऊबाई रोज सकाळी चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलवर जायची आणि त्या दिवसापुरती घेऊन यायची. माझ्या खिडकीसमोरून जाताना ती इंजेक्शनांची पुडी दोन्ही हातांत धरून न्यायची, अंडी न्यावीत तशी.

सूज उतरायला लागली होती. आणि एका सकाळी गऊबाई मेडिकलवर गेलीच नाही. सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमाला घरी सोडा."

सिस्टर भडकल्या. "घरी? पाय जाईल त्याचा! पाय गेला तर होडीत उभा राहील का तो?"

"सोडा आमाला."

"कुणी सांगितलं? कुठल्या भगताकडे नेताय? अंगारा लावून पू जाणार आहे का?"

मारुती भिंतीकडे तोंड करून पडला होता. सिस्टर बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांचा आवाज खाली लॅबपर्यंत येत होता. डॉक्टरही वर जाऊन बोलले. गऊबाई फक्त खिडकीबाहेर बघत होती. शेवटी सिस्टरांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

रस्त्यापलीकडं लिंबाच्या सावलीत बरीच माणसं बसली होती. बाप्ये, बायका, एक म्हातारा. सिस्टरांना त्यातली एक ओळखू आली, भिगवणच्या बाजारातली, जिच्याशी त्या दर खेपेला माशांवरून घासाघीस करत. सिस्टर तशाच खाली उतरल्या आणि गेटापर्यंत गेल्या. गेट माझ्या खिडकीला लागूनच, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"तुम्ही इथं का बसलाय?"

म्हातारा उठून गेटाशी आला. हे धोंडीआबा, मारुतीचे चुलते. म्हणाले, "बसू न्हाय तर काय करू? तुमचा गडी आत सोडंना. परवाबी आल्तो, तसंच माघारी धाडलं."

"चारला या. पाटी आहे तिथं."

"चारला आमी पान्यात असतो, बाई. दुपार कलली की जाळी टाकाया लागत्यात. आज टाकली न्हाय तर सकाळी बाजारात काय मांडायचं?"

"मग कुणातरी एकानं थांबायचं. एवढ्या सगळ्यांनी कशाला?"

"येक थांबला तर येकाचंच हुईल की."

"एकाचं काय?"

आबांनी मूठ उघडली. आत घडी घालून घालून मऊ झालेली नोट होती, घामानं ओली. सिस्टरांनी मागं पाहिलं. लिंबाखाली बसलेल्या प्रत्येकाची एक मूठ बंद होती.

आजाऱ्याला भेटायला गेलं की त्याच्या हातावर चार पैसे ठेवायचे, ही आमच्या भागातली रीत मलाही माहीत होती. मीही कितीदा ठेवले होते. पण ती रीत म्हणजे काय असते, हे मला त्या दिवशी आबांच्या तोंडून कळलं.

"अहो, मग गऊबाईकडे द्यायचे," सिस्टर म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. "ती तर खाली येते."

"तिला कसं द्यायचं? बायकूच्या हातात दिलं की त्ये उसनं झालं. ती मनात धरून बसंल, कुनाचं किती, कवा फेडायचं. आजाऱ्याच्या हातावर ठिवलं की त्ये त्याचं. उद्या आमी पडलो तर तो ईल आमच्याकडं. न्हाय पडलो तर लईच चांगलं."

"मी देते गऊबाईला. आज मी भरते."

"तुमचं तर ती घ्येयाचीच न्हाय. तुमचं कवा आन कसं फेडनार?"

सिस्टर गेटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग माझ्या लॅबमध्ये आल्या आणि माझ्या बेसिनवर हात धुवायला लागल्या. हात स्वच्छच होते. बराच वेळ धूत राहिल्या. नळ बंद करून म्हणाल्या, "लॅबवाले, तिकडं भेटायला येणारा माणूस नुसता भेटायला येतो, फुलं घेऊन. म्हणून तिथं चार ते पाच चालतं. इथं तो बिल भरायला येतो. मी सगळ्यांना विचारत बसले भरतं कोण, आणि भरणारेच उन्हातान्हात गेटाबाहेर बसवले." त्यांचे डोळे भरले होते. मी टॉवेल पुढं केला.

पण त्या लगेच सिस्टर झाल्या. वॉर्डाचं दार त्यांनी उघडलं नाहीच. मारुतीला गेटावरच्या गड्याकडून उचलून खाली आणलं, व्हीलचेअरवर घालून व्हरांड्यात बसवलं, पायावर स्वच्छ चादर टाकली. व्हरांड्याच्या पायरीशी बादली, तांब्या आणि लाल साबण ठेवला. "एकेकानं यायचं. हात धुवायचे, कोपरापर्यंत. पायाला हात लावायचा नाही." भिगवणची माणसं रांगेत आली. सिस्टर प्रत्येकाची नखं बघत होत्या. एका बाईला त्यांनी दुसऱ्यांदा धुवायला परत पाठवलं, आणि ती होती तीच बाजारातली मासेवाली. ती म्हणाली, "बाजारात घासता त्ये घासता, आन हितंबी घासाया लावता व्हय?" सगळे हसले. सकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेला मारुतीसुद्धा हसला.

प्रत्येकजण हातावर नोट ठेवायचा, "लवकर ऊठ रं" म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. कुणी किती ठेवले ते कुणी पाहिलं नाही. शेवटचा माणूस गेल्यावर मारुतीनं ओंजळ गऊबाईच्या पदरात रिकामी केली आणि ती तशीच मेडिकलकडे पळाली. सिस्टरांनी मारुतीचेही हात साबणानं धुतले, कारण नोटांवर काय काय असतं हे त्यांना आणि मला चांगलं माहीत होतं.

डॉक्टर जिन्यात उभे राहून हे बघत होते. म्हणाले, "सिस्टर, हे हॉस्पिटल आहे की देऊळ?"

"साहेब, इंजेक्शनं चालू झाली की नाही ते बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि व्हीलचेअर वळवली.

मारुतीचं एक बोट गेलं, पाय राहिला. लंगडत का होईना, तो पुन्हा होडीत उभा राहिला. आमच्या पाटीवर दुपारची एक वेळ वाढली आणि खाली लिहिलं गेलं, साबण बाहेर ठेवला आहे.

हे मी जेवढं गोड करून सांगतोय तेवढं ते गोड नव्हतं, आणि हे सगळ्यात आधी सिस्टरांनीच ओळखलं. त्याच हंगामात लांबून आलेली ऊसतोडणीची एक बाई अ‍ॅडमिट झाली. तिची वस्ती फडावर, गाव दूर मराठवाड्यात. दुपारच्या वेळेला तिच्याकडं कुणी आलं नाही, चारलाही नाही. सिस्टर चहा न पिता बसून राहिल्या. म्हणाल्या, "ज्याच्यामागं जीप नाही त्यानं काय करायचं? इंग्लंडात माणूस एकटा असला तरी चालतं. तुझे कोण कोण आहेत, असं तिथं विचारत नाहीत. ते मोठं की हे मोठं, मला सांगता येत नाही." ती बाई बरी होण्याआधीच निघून गेली.

नंतर दोनेक वर्षांनी मी पुण्याला जायचं ठरवलं. जायच्या आधी एका ओळखीच्या लॅबमधलं नवं यंत्र बघायला इंदापूरला गेलो होतो. ती लॅब एका मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात होती. परत निघालो तेव्हा ऊन तापलेलं होतं. गेटाबाहेर भिगवणची माणसं उभी होती, लंगडणारा मारुतीही होता. त्याच्याकडून कळलं, धोंडीआबा आत होते, छातीचं दुखणं. आणि त्या माणसांत ओव्हाळ सिस्टर होत्या. पांढरे बूट नाहीत, गणवेश नाही, साधं सुती लुगडं आणि पायात चपला. मी त्यांना याआधी कधी चपलांत पाहिलं नव्हतं.

मी पुढं होणार तेवढ्यात वॉचमन ओरडला, "रांग लावू नका हितं. आता फकस्त घरच्यांना सोडायचंय." त्यानं प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. सिस्टरांपाशी आला. "तुमी कोन लागता पेशंटच्या?"

मला वाटलं, आता सांगतील. हेड सिस्टर आहे, विलायत बघितलीय, डॉक्टरांना बोलव. त्यांच्या एका वाक्यावर गेट उघडलं असतं.

"कुनी न्हाय," सिस्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून डाळजची बोली मी पहिल्यांदा ऐकली. "ह्यांच्यासंगं जीपमधनं आलीया."

वॉचमननं थांबायला सांगितलं. सिस्टर मासेवालीशेजारी मातीत बसल्या. मूठ उघडून नोटेची घडी त्यांनी आणखी लहान केली, पुन्हा मूठ मिटली, आणि आबांकडं जायचं गेट उघडायची वाट बघत राहिल्या.